कापूस ठेवलेल्या घरातला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर बिघडला की तालुक्याच्या दुकानात बहुतेक वेळा एकच औषध मिळतं: "फॉरमॅट मारून देतो." पैसे जातात, लेकरांचे फोटो जातात, सातबाऱ्याच्या फाइली जातात आणि दोन महिन्यांनी मशीन पुन्हा तसंच अडखळायला लागतं. कारण बिघाड विंडोजमध्ये नव्हताच. तो भिंतीतल्या सॉकेटात होता, किंवा पंख्यात अडकलेल्या रुईत होता.

नेटवर मिळणारे सल्ले बहुधा चोवीस तास लाइन आणि थंड खोली गृहीत धरून लिहिलेले असतात. अमरावती, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या गावात शत्रूंचा क्रम वेगळा आहे. आधी लाइन, मग धूळ आणि ऊन, मग नेट. व्हायरसचा नंबर त्यानंतर. दुरुस्तीही त्याच क्रमानं करावी.

आधी लाइन

सॉकेटात २३० व्होल्ट यायला हवेत. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब, तारेच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर संध्याकाळी ते बरेच खाली उतरतात आणि मध्यरात्री गाव झोपलं की वर चढतात. कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होत असेल तर आधी वेळ लिहून ठेवा. रोज संध्याकाळी सात-आठच्या सुमारास होत असेल तर विंडोजला दोष देऊ नका.

साधा डिजिटल मल्टिमीटर घरात असावाच. त्याची चकती एसी व्होल्टच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवा, काड्या प्लास्टिकलाच धरा आणि तीन मोजमापं घ्या. फेज म्हणजे लाइन आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी आणि अर्थिंग म्हणजे जमिनीत जाणारी. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज-अर्थिंगही जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थिंगमध्ये ४०-५० किंवा भलताच आकडा दिसला तर तुमच्याकडे अर्थिंग नाही, नुसती तीन भोकांची पाटी आहे.

अर्थिंग नसलं की कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. पुष्कळ लोक ते "थोडा करंट मारतो" म्हणून सोडून देतात. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. त्यात लाइन शिरण्याच्या जागी फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. गळती जमिनीत जावी म्हणून ती सोय केलेली असते. जमिनीची वाट नसली तर पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, येऊन बसतो. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस वाचतो, पण यूएसबी पोर्ट, एचडीएमआय आणि प्रिंटरची केबल लावता-काढताना याच करंटनं जळतात. काही वायरमन तिसऱ्या पिनला न्यूट्रलच जोडून देतात. हे जीवघेणं आहे. न्यूट्रल कुठं तुटला तर सगळं कॅबिनेट सरळ २३० व्होल्टवर येतं.

अर्थिंगचा पाइप काळ्या जमिनीत असेल तर उन्हाळ्यात एक घोटाळा होतो. ही माती ओली असताना पाइपाला घट्ट धरते, पण वाळली की आक्रसते, भेगा पडतात आणि पाइप मातीपासून सुटतो. म्हणून खड्ड्यात कोळसा-मिठाचे थर हवेत आणि मार्चपासून जूनपर्यंत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी. मोरीचं सांडपाणी तिकडे वळवलं तर आठवण ठेवायचीही गरज नाही.

आणखी एक प्रसंग ओळखता यायला हवा. घरातला एक बल्ब अचानक भगभगीत आणि शेजारच्या घरातला मंद, असं झालं तर डीपीवर न्यूट्रल तुटल्याची शंका घ्या. अशा वेळी २३० च्या जागी ३००-४०० व्होल्टही येऊ शकतात. कॉम्प्युटर शटडाउन करत बसू नका, मेन स्विच पाडा आणि लाइनमनला फोन करा.

यूपीएस घेताना ६०० व्हीएचा पुरतो. त्यात बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते. डेस्कटॉप आणि एलईडी मॉनिटरवर ती दहा-पंधरा मिनिटं देते. हा वेळ काम सेव्ह करून बंद करण्यासाठी आहे, मॅच पाहण्यासाठी नाही. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच लावू नये. त्याचा तापणारा रूळ सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस बसतो. बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर दहा अंशांना ते निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, त्यामुळे दोन वर्षांत बॅटरी गेली तर दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. यूपीएस फेकूही नका, खालचे चार स्क्रू काढून फक्त बॅटरी बदला. लाल तार लाल टोकाला, काळी काळ्याला.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे एक छोटा स्विच असतो, पुष्कळांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. एका बाजूला यूपीएस मोड आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. नॉर्मलवर लाइन जाऊन इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा वेळ पंख्याला कळत नाही, पण कॉम्प्युटरला कळतो आणि तो रिस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर ही फट फार लहान होते. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. या मोडवर इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खालची लाइन घेतच नाही, म्हणून व्होल्टेज पडणाऱ्या गावात बॅटरी संध्याकाळीच संपते. तिथे इन्व्हर्टर नॉर्मलवर आणि कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस, ही जोडी बरी. फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर स्वस्तातला यूपीएस ती लाइन खराब समजतो आणि पीं-पीं करत स्वतःच्या बॅटरीवर जाऊन बसतो.

नवीन मशीन घ्यायचं असेल आणि लाइनचा भरवसा नसेल तर लॅपटॉपच घ्या. अॅडॉप्टरवरचं बारीक छापील वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे १५० व्होल्टवरही तो चार्ज होतो आणि बॅटरी आतच असल्यामुळे यूपीएसचा खर्च वाचतो.

मृगाच्या आधीच्या वादळात आणि जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की स्विच बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढावा लागतो. स्विचच्या दोन पत्र्यांतलं अंतर काही मिलिमीटरचं, वीज त्यावरून सहज उडी मारते. तांब्याची लॅन केबलही काढा. फायबरची वायर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरच्या अॅडॉप्टरमधून येते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप जवळपास कुठं विजा पडताहेत ते दाखवतं. ते वावरात जाणाऱ्यांसाठी आहेच, कॉम्प्युटरसाठीही कामाला येतं. स्पाइक गार्ड म्हणून विकली जाणारी प्रत्येक पट्टी स्पाइक, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, अडवते असं नाही, पुष्कळ तर नुसते एक्स्टेन्शन बोर्ड असतात.

लाइन आली की पाच मिनिटं थांबून मगच मशीन चालू करा. पहिल्या झटक्यात पूर्ण गावाचे कुलर आणि फ्रिज एकदम सुरू होत असतात.

रुई, धूळ आणि नवतपा

दिवाळीनंतर भाव वाढायची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवला जातो आणि कॉम्प्युटर बहुधा त्याच खोलीत असतो. रुईचे बारीक तंतू हवेत असतात. पंखा ते आत ओढतो आणि हीटसिंकच्या पट्ट्यांवर त्यांची नमदासारखी गादी तयार होते. साधी धूळ फुंकर मारून उडते, ही गादी उडत नाही, चिमट्यानं उचलावी लागते. सोयाबीन किंवा तूर काढताना अंगणात मळणीयंत्र लागलं तर त्या दोन दिवसांत सहा महिन्यांची धूळ आत जाते. तेव्हा मशीन बंद ठेवून वरून जुनं धोतर टाका. चालू मशीनवर मात्र कापड कधीही नको.

साफसफाई वर्षातून तीनदा करावी: मळणी आटोपल्यावर, कापूस विकून झाल्यावर, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागण्याच्या आधी. प्लग काढा. मग चालू करण्याचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो. मागचे दोन स्क्रू काढून डाव्या बाजूचा पत्रा सरकवा. एक इंची कोरडा, मऊ रंगाचा ब्रश घ्या. प्रोसेसरवरचा पंखा साफ करताना त्याची पाती बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या हवेनं पंखा सुसाट फिरला तर बेअरिंग जातं, शिवाय फिरणारा पंखा उलटा करंटही तयार करतो. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात. बाहेरच्या जाळीवरून ब्रश फिरवा, बास.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं हवा मारून घेणारे पुष्कळ आहेत. त्या हवेतून पाण्याचे थेंब आणि तेल येतं. मदरबोर्डवर त्याचा चिकट थर बसला की पुढची धूळ कायमची चिकटते.

पंखा स्वच्छ असूनही मशीन तापून बंद पडत असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळलेली असते. जुनी कापडानं पुसून काढा, नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवा आणि हीटसिंक सरळ दाबून बसवा. जास्त लावली म्हणजे जास्त थंड होतं हा गैरसमज आहे, ती बाहेर ओघळते.

लॅपटॉपच्या कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असं सांगतात. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी बारा ते पाच जड काम करूच नये. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. उन्हाळ्यात "मशीन स्लो झालं" म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारींचं मूळ इतकंच असतं. कुलर लावा, पण त्याचा झोत थेट मशीनवर नको आणि खिडकी उघडी हवी. कोंदट खोलीत कुलरचं पाणी हवेत साठतं आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर, पोर्टवर गंज चढतो. लॅपटॉप गादीवर ठेवला तर खालची जाळी झाकली जाते. दोन वह्यांवर मागची बाजू उचलून ठेवा. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, किंवा झाकण नीट बसेना, तर आतली बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जिंग थांबवा.

उंदीर हा गावातला वेगळाच विषय. घरात धान्य असलं की ते असणारच, आणि हिवाळ्यात कॅबिनेटची ऊब त्यांना आवडते. मागच्या रिकाम्या पट्ट्यांची भोकं पत्र्यानं बंद करा. लॅनची केबल जमिनीवरून न नेता भिंतीवर कमरेच्या वर खिळवा.

सुरू होत नाही, तेव्हा

पंखा फिरतो, लाइट लागतो, पण पडदा काळा आणि आतून बीप-बीप. पुष्कळ वेळा दोष रॅमचा असतो. दोन्ही बाजूंच्या चिमट्या उघडून पट्टी काढा, सोनेरी दात शाळेच्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं घासा, चुरा झटका, आणि खाच जुळवून दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, म्हणजे कोणती मेली ते कळतं.

तारीख दरवेळी मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा गोल सेल संपला आहे. घड्याळाच्या दुकानात मिळतो. हे किरकोळ वाटतं, पण तारीख चुकली की बँकेची, सरकारी, सगळीच संकेतस्थळं "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून अडवतात. प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तुमचं मशीन २०१२ साल दाखवत असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. लोक यावर ब्राउझर बदलतात, नेट बदलतात, फॉरमॅट मारतात.

मशीन चालतं पण रडत-रडत, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कचा आकडा सतत १०० टक्के दिसत असेल तर जुनी फिरती हार्डडिस्क हाच अडसर आहे. तिच्या जागी २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क, बसवली की दहा वर्षांपूर्वीचं मशीनही अर्ध्या मिनिटात उभं राहतं. दुसरा कोणताही खर्च इतका लाभत नाही. रॅम वाढवायची तर आधी डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते पाहून घ्या, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप पानावर अँटिव्हायरस, टचपॅड, साउंड सोडून बाकीचं डिसेबल करा. आणि अडलं की शटडाउन नको, रिस्टार्ट करा. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउन केल्यावर आतला काही भाग झोपवून ठेवला जातो आणि तोच बिघाड सकाळी पुन्हा उठतो. रिस्टार्टमध्ये सगळं कोरं होतं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जादा सुरक्षा अपडेटची सोय घरच्या वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि किमान ४ जीबी रॅम लागते, ४ वर ते रांगतं, ८ हवी. ज्या मशीनला ते जमत नाही त्यावर फक्त नेट, फॉर्म आणि पत्रं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाका. दुकानदार नाक मुरडेल.

दीड जीबीचं गणित

गावात बहुतेक घरांत नेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी, तोच हॉटस्पॉटनं कॉम्प्युटरला दिलेला. मोबाइलवर तो दिवसभर पुरतो आणि लॅपटॉप जोडला की तासाभरात उडतो, कारण विंडोजला वाटतं आपण ऑफिसच्या मोकळ्या वायफायवर आहोत. त्याला समजावून सांगावं लागतं. सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, जोडलेल्या हॉटस्पॉटच्या नावावर क्लिक करा आणि "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. मोठे अपडेट थांबतात. मग विंडोज अपडेटच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर तुमच्या मशीनवरचे अपडेट तुमच्याच डेटानं दुसऱ्यांना वाटले जाऊ शकतात. वनड्राइव्हचं सिंकही थांबवा. कायम थांबवू नका मात्र. महिन्यातून एकदा, डेटा उरलेल्या रात्री अकरा वाजता मीटर्ड काढून अपडेट होऊ द्या. बाराला नवा कोटा लागतो.

कोटा संपल्यावर पुष्कळ योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. २०० केबीचा फोटो चढायला जवळपास अर्धा मिनिट, एक एमबीची पीडीएफ दोन मिनिटांहून जास्त. त्या वेगावर फॉर्मचं सेशन मध्येच तुटतं. फॉर्म भरायचा असेल त्या दिवशी सकाळीच भरा, व्हिडिओ नंतर.

हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट केबलनं देणं, चांगलं. मोबाइल कमी तापतो, चार्ज होत राहतो, आणि वायफायची एक कडी कमी होते. केबल डेटाची हवी, स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या दोनच तारा असतात. टिनाच्या छपराखाली नेट मरतं कारण पत्रा रेडिओ लहरी परत फेकतो. मोबाइल खिडकीत किंवा देवळीत टॉवरच्या दिशेला ठेवा आणि केबल आत आणा. साधी यूएसबी केबल पाच मीटरपर्यंतच नीट चालते. वायफायच लागत असेल तर हॉटस्पॉटचा बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. ५ वेगवान असतो, पण जाड मातीच्या भिंतीतून जात नाही.

फायबर आलं असेल तर राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा, लाइन गेली तरी नेट चालू राहतं. अॅडॉप्टरवरचा व्होल्ट आधी जुळवा, ९ च्या राउटरला १२ दिले तर तो गेला. पिवळी किंवा काळी बारीक वायर खिळ्याभोवती काटकोनात वाकवू नका. लाल एलओएस दिवा लागला म्हणजे प्रकाश पोहोचत नाही, राउटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही.

फॉर्म का अडकतो

महाडीबीटी असो, भरती असो की शिष्यवृत्ती, तक्रार एकच: "अपलोडच होत नाही." आधी मागणी वाचा. फोटो २०-५० केबी आणि सही १०-२० केबी ही नेहमीची मर्यादा, कागदपत्रांना पुष्कळ ठिकाणी २५६ केबी. फोटो पेंटमध्ये उघडा, कंट्रोल आणि डब्ल्यू दाबा, पिक्सेल निवडा, रुंदी २०० करा, उंची आपोआप येते. मग सेव्ह अॅजमधून जेपीजी निवडा. पीएनजी ठेवली तर साइज तिप्पट-चौपट होते. फाइलचं नाव मराठीत, मध्ये जागा किंवा दोन टिंबं असलेलं नको. साधं इंग्रजी नाव ठेवा. "इनव्हॅलिड फाइल"चं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

स्कॅन ३०० डीपीआयवर रंगीत केला तर एक ए४ पान २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं होतं. १५० वर ते १२४० गुणिले १७५४, म्हणजे चौथा भाग, आणि अक्षर तरीही वाचता येतं. करडा रंग निवडा. शिक्का निळा-जांभळा दिसायलाच हवा असेल तेवढंच रंगीत. मोबाइलनं काढत असाल तर छपरीत, सावलीत, फ्लॅश न लावता. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो अॅप स्वतःच दाबून टाकतो आणि जातीच्या दाखल्यावरचा बारकोड चिरडला जातो.

सातबारा काढताना महाभूलेखवर विभाग चुकतो. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम अमरावती विभागात, विदर्भातले बाकीचे सहा जिल्हे नागपूर विभागात. फुकटातला सातबारा पाहण्यापुरता. कामाला लावायचा तर डिजिटल सहीचा, १५ रुपयांचा. बटण दाबून काहीच उघडत नसेल तर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे पॉप-अप अडवल्याची छोटी खूण दिसेल, तिथून परवानगी द्या. आधारची पीडीएफ पासवर्ड मागते: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्मसाल, मध्ये जागा नाही. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीनच.

फी कापली गेली पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, त्याच संकेतस्थळावर पेमेंट स्टेटस किंवा व्हेरिफाय असं बटण शोधा.

मराठी टायपिंगचं थोडक्यात. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं फॉर्ममध्ये डकवलं तर किडे-मुंग्या दिसतात, कारण ती अक्षरं आतून इंग्रजीच असतात, वरून फक्त मराठी कपडे. युनिकोडच हवं. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी जोडा, आणि विंडोजचं बटण व स्पेस दाबून भाषा बदला. इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत नसेल तर त्याच ठिकाणी मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो. "शेतकऱ्याचा" मधला ऱ्य इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. नुसता र वापरला तर "शेतकर्याचा" उमटतं, आणि अर्जात ते फार वाईट दिसतं.

फुकट येणारी फाइल

लग्नपत्रिका, पीएम किसानची यादी, वाहनाचं चलन, या नावांनी व्हॉट्सअॅपवर एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप टाकणारी, फाइल येते. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका, त्याचा मोबाइल आधीच फसलेला असतो. ती एकदा टाकली की आलेले ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. टाकली गेलीच तर त्या मोबाइलचं नेट बंद करा, सिम काढा, दुसऱ्या मोबाइलवरून बँकेला फोन करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. बँक किंवा आपली कोणाचीच चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून पहिला अर्धा तास बायको-पोरांवर ओरडण्यात घालवू नये.

यूपीआयवर पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. अंगठ्यावर पैसे काढण्याची भीती असेल तर आधारच्या अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, रेशन किंवा पैशांसाठी जाताना तेवढा वेळ उघडा.

पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडून परत आला की सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात. त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस आपल्या मशीनवर. फाइली गेलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. आधी विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरनं स्कॅन करा, मग फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून हिडन आयटेम्स दाखवायला लावा, खरे फोल्डर उचलून घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. फॉरमॅट मारायची हीच काय ती योग्य जागा.

दुसऱ्याच्या मशीनवर फॉर्म भरताना कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून वेगळी खिडकी उघडा, काम झालं की बंद करा. डाउनलोड झालेलं आधार आणि पासबुक मात्र त्यानंही जात नाही, ते डाउनलोड्स फोल्डरमधून शिफ्ट आणि डिलीट दाबून काढा. व्हॉट्सअॅप वेब जोडलं असेल तर मोबाइलमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडून तिथलं मशीन काढून टाका, घरी येऊन आठवलं तरी तिथूनच करता येतं.